डायलिसिसवरील रुग्ण आणि प्रतिजैविकांची मात्रा

आपल्या शास्त्राने द्रव्याच्या गुणांइतकेच महत्त्व मात्रेला आणि कालाला दिले आहे. रुग्णाचे बल, अग्नी, वय आणि प्रकृती पाहिल्यावाचून मात्रा ठरवू नये, हा संस्कार महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापासून आपल्यावर झालेला असतो. असे असूनही आधुनिक प्रतिजैविक लिहिण्याची वेळ आली की तोच संस्कार आपण विसरतो, आणि ‘एक गोळी सकाळी, एक रात्री, पाच दिवस’ हे शब्द लेखणीतून आपोआप उतरतात. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ही सवय निभावून जाते. ज्या रुग्णाचे मूत्रपिंड निकामी झालेले आहेत आणि जो डायलिसिसवर जगत आहे, त्याच्या बाबतीत ती निभावत नाही.

असे रुग्ण पूर्वी मोठ्या शहरांतच दिसत. केंद्र शासनाने २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि जिल्हा रुग्णालयांतून ही सोय होऊ लागली. आज आठवड्यातून दोन-तीन वेळा केंद्रावर जाऊन संध्याकाळी घरी परतणारे रुग्ण लहान गावांतही आहेत. उरलेल्या दिवशी त्यांना ताप, खोकला, जुलाब किंवा जखम झाली, तर ते आपल्याच दवाखान्यात अथवा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात येतात. म्हणूनच हा विषय केवळ मूत्रपिंडतज्ज्ञांचा राहिलेला नाही.

आमची चूक

सुरुवातीला आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्हांला कर्तव्य वाटते. पन्नाशी उलटलेले एक मधुमेही शेतकरी एका सोमवारी ताप आणि कफयुक्त खोकला घेऊन आले. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा होता. आम्ही छाती तपासली, उजव्या हातावर रक्तदाब घेतला आणि लिव्होफ्लॉक्सॅसिन ७५० मिलिग्रॅम, रोज एक, पाच दिवस असे लिहून दिले. डाव्या बाहीखाली डायलिसिसचा फिस्टुला होता. तो आम्ही पाहिला नाही, विचारलेही नाही, आणि डॉक्टरांना ठाऊकच असणार या समजुतीने त्यांनीही सांगितले नाही.

गुरुवारी त्यांची पत्नी आली. रात्रभर झोप नाही, दिवंगत नातेवाइकांशी बोलणे चालू आहे, चहाचा कप हातातून झटका बसल्यासारखा पडतो, असे तिने सांगितले. डायलिसिसची गोष्ट तेव्हा प्रथम कळली. साखर तपासली, ती ठीक होती. मग आम्ही दुसरी चूक केली. रक्तातील युरिया वाढला असेल, उद्या शुक्रवारी डायलिसिस आहेच, त्याने सारे उतरेल, असे सांगून तिला परत पाठवले. शुक्रवारचे डायलिसिस होऊनही काही उतरले नाही. केंद्रावरील तंत्रज्ञाने चालू गोळ्यांचे पाकीट पाहायला मागितले आणि तेथील तज्ज्ञांनी ती गोळी तत्काळ थांबवली. रुग्ण पूर्ववत व्हायला आठवड्याहून अधिक काळ लागला.

हे का घडले? निरोगी मूत्रपिंड असलेल्या माणसात लिव्होफ्लॉक्सॅसिनची रक्तातील पातळी निम्मी व्हायला सहा ते आठ तास लागतात. डायलिसिसवरील रुग्णात हाच काळ तीन दिवसांच्या आसपास जातो, आणि डायलिसिसने हे औषध फारसे निघत नाही. आजची गोळी बाहेर पडण्यापूर्वीच उद्याची आत जात होती. अशा रुग्णासाठी योग्य क्रम पहिल्या दिवशी ७५० आणि नंतर दर ४८ तासांनी ५०० मिलिग्रॅम असा आहे. म्हणजे पाच दिवसांत १७५० मिलिग्रॅम. आम्ही दिले ३७५०.

डायलिसिस म्हणजे मूत्रपिंड नव्हे

या प्रसंगातून जी गोष्ट आम्ही शिकलो ती एका वाक्यात अशी : डायलिसिस चालू आहे म्हणजे औषध निघून जाईल, हे गृहीत धरू नये. मूत्रपिंड रात्रंदिवस काम करतात. डायलिसिस आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येकी सुमारे चार तास चालते. आठवड्याच्या १६८ तासांपैकी आठ ते बाराच तास शुद्धीकरण होते.

शिवाय त्या चार तासांत सर्वच औषधे निघतात असे नाही. गाळणीतून रक्त जाते, ऊती जात नाहीत. म्हणून जे औषध रक्तात थोडे आणि ऊतींत फार पसरलेले असते, ते डायलिसिसने हलत नाही. रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटून राहणारे औषधही गाळणीच्या छिद्रांतून जात नाही. ज्याचा रेणू मोठा आहे त्याचे निघणे गाळणीच्या जातीवर अवलंबून असते. व्हॅन्कोमायसिन हे याचे उत्तम उदाहरण होय. जुन्या पद्धतीच्या गाळणीतून ते जवळजवळ निघत नसे, आजच्या मोठ्या छिद्रांच्या गाळणीतून मात्र बरेचसे निघून जाते. म्हणून त्याची मात्रा केंद्रावरच, रक्तातील पातळी पाहून ठरवली जाते.

तेव्हा डायलिसिसवरील रुग्णासाठी कोणतेही प्रतिजैविक लिहिण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. हे औषध शरीरातून मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते का? आणि ते डायलिसिसने निघते का? या दोन उत्तरांवरून नेहमीच्या औषधांचे चार गट पडतात.

पहिला गट : मूत्रपिंडावर अवलंबून नाही, डायलिसिसनेही फारसे निघत नाही. डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आणि सेफ्ट्रिॲक्सोन ही या गटातील औषधे. यांची मात्रा सहसा नेहमीचीच राहते. सेफ्ट्रिॲक्सोन मात्र दिवसाला दोन ग्रॅमच्या आत ठेवावे. मात्रा बदलावी लागत नाही म्हणजे धोका नाही, असेही समजू नये. अझिथ्रोमायसिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हृदयाची लय बिघडवू शकतात, आणि डायलिसिसच्या रुग्णात पोटॅशिअमचे चढउतार होत असल्याने ही शक्यता अधिक असते.

दुसरा गट : मूत्रपिंडावाटे जाते आणि डायलिसिसनेही निघते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, सेफॅलेक्सिन, सेफ्टाझिडिम, सेफेपिम, जेंटामायसिन, अमिकासिन इत्यादी. येथे मात्रा कमी करावी किंवा दोन मात्रांतील अंतर वाढवावे, आणि डायलिसिसच्या दिवशी औषध डायलिसिस संपल्यावर द्यावे. उदाहरणार्थ, इतरांना दिवसातून दोन-तीन वेळा देतो ती ६२५ मिलिग्रॅमची अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची गोळी येथे चोवीस तासांतून एकदा पुरते. हजार मिलिग्रॅमची म्हणून मिळणारी गोळी, जिच्यात ८७५ मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन असते, ती अशा रुग्णाला देऊ नये.

तिसरा गट : मूत्रपिंडावाटे जाते, पण डायलिसिसने फारसे निघत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, सेफिक्झिम. आपल्या व्यवसायात सर्वांत अधिक लिहिली जाणारी औषधे नेमकी या गटात येतात, आणि एकदा साठली की डायलिसिस मदतीला येत नाही. म्हणून हा गट आम्ही सर्वांत फसवा मानतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन २५० ते ५०० मिलिग्रॅम चोवीस तासांतून एकदा, सेफिक्झिम नेहमीच्या निम्मे म्हणजे दिवसाला २०० मिलिग्रॅम, आणि लिव्होफ्लॉक्सॅसिन वर सांगितल्याप्रमाणे दिवसाआड.

चौथा गट : मूत्रपिंडावर फारसे अवलंबून नाही, पण डायलिसिसने निघून जाते. मेट्रोनिडॅझोल आणि लिनेझोलिड. यांची मात्रा नेहमीची, फक्त डायलिसिसच्या दिवशी वेळ सांभाळावी. डायलिसिसला जाण्यापूर्वी घेतलेली मात्रा बऱ्याच अंशी वाया जाते. लिनेझोलिड चालू असता रक्तातील बिंबाणू कमी होण्याचा धोका या रुग्णांत जास्त असतो, म्हणून रक्ततपासणी आवश्यक आहे.

या चार गटांबाहेर काही औषधे अशी आहेत की ती टाळावीत. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्रात उतरूनच काम करते. ज्याला मूत्रच होत नाही त्याच्यात ते जंतूंपर्यंत पोचत नाही, मात्र रक्तात साठून हातापायांच्या नसांना इजा करते. कोट्रायमॉक्झॅझोलने पोटॅशिअम वाढते. डॉक्सिसायक्लिन सोडून जुनी टेट्रासायक्लिन देऊ नयेत. जेंटामायसिन आणि अमिकासिन यांचे इंजेक्शन दवाखान्यात परस्पर देऊ नये, कारण त्याने ऐकू येणे कायमचे जाऊ शकते. अनेक रुग्णांत दिवसाकाठी थोडेफार मूत्र शिल्लक असते. ते रुग्णाचे मोठे धन होय, आणि हीच इंजेक्शने ते धनही घालवतात. प्रतिजैविकाच्या जोडीला सवयीने लिहिली जाणारी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकेही तेच करतात.

पहिली मात्रा पूर्ण

साठण्याच्या भीतीने उलट टोकाला जाणारे वैद्यही आम्ही पाहिले आहेत. मूत्रपिंड खराब आहेत म्हणून पहिल्या दिवसापासूनच अर्धी गोळी दिली जाते. हीदेखील चूकच आहे. पहिल्या मात्रेने रक्तातील औषध परिणामकारक पातळीला न्यायचे असते, आणि ती पातळी औषध शरीरात किती पसरते यावर ठरते, मूत्रपिंड किती चालतात यावर नव्हे. मूत्रपिंडांचा संबंध दुसऱ्या मात्रेपासून येतो. म्हणून साधारण नियम असा : पहिली मात्रा पूर्ण, पुढच्या मात्रा कमी किंवा अधिक अंतराने. या रुग्णांची प्रतिकारशक्ती क्षीण असते. अपुऱ्या मात्रेने दबलेला जंतुसंसर्ग पुन्हा उसळला तर त्यांना तो झेपत नाही.

मात्रा ठरवताना रक्तातील क्रिॲटिनिनच्या अहवालावर विसंबू नये. डायलिसिसनंतर लगेच काढलेल्या रक्तात क्रिॲटिनिन उतरलेले दिसते. त्यावरून मूत्रपिंड सुधारले असा अर्थ काढणे म्हणजे झाडलेले अंगण पाहून झाडाची पाने गळायची थांबली असे समजण्यासारखे आहे. रुग्ण डायलिसिसवर आहे एवढी एकच माहिती मात्रेसाठी पुरेशी असते.

विषबाधा ओळखावी कशी

पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटातील तसेच सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या कुळातील औषधे साठली की त्यांचा पहिला आघात बहुधा मेंदूवर होतो. झोप उडणे किंवा अतिझोप, असंबद्ध बोलणे, हातापायांना झटके येणे, शेवटी आकडी. सेफेपिममुळे तर बाह्य झटक्यांवाचून मेंदूत आकडी चालू राहते आणि रुग्ण केवळ गुंगीत असल्यासारखा दिसतो. याबाबत अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जून २०१२ मध्ये स्वतंत्र इशारा दिला होता. त्यात नोंदवलेल्या बहुतेक रुग्णांत मूत्रपिंडाच्या स्थितीनुसार मात्रा कमी केलेली नव्हती.

ही लक्षणे तापातील वातप्रकोपाशी, वाढलेल्या युरियाशी किंवा साखर उतरण्याशी सहज गल्लत होणारी आहेत. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या कुळातील औषधांनी मधुमेही रुग्णाची साखर खरोखरच उतरूही शकते, म्हणून ती प्रथम तपासावी. पण प्रतिजैविक सुरू केल्यानंतर काही दिवसांत डायलिसिसचा रुग्ण बरळू लागला, तर औषध हेच कारण समजून ते थांबवावे आणि त्याच दिवशी केंद्राशी संपर्क साधावा. उद्याच्या डायलिसिसची वाट पाहू नये.

आपल्या औषधांशी येणारा संबंध

आता खास आपल्याला लागू पडणारा एक मुद्दा. डायलिसिसच्या रुग्णांना फॉस्फरस बांधून ठेवण्यासाठी जेवणासोबत कॅल्शिअम ॲसिटेट किंवा सेव्हलामर दिलेले असते, शिवाय अनेकांना लोहही चालू असते. ही द्रव्ये आतड्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनला आणि डॉक्सिसायक्लिनला बांधून ठेवतात, आणि औषध शोषलेच जात नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन म्हणून या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावयाचे असते.

हाच न्याय आपल्या शंखभस्माला, कपर्दिकभस्माला आणि प्रवाळपिष्टीला लावला पाहिजे, कारण तीही कॅल्शिअमचीच द्रव्ये आहेत. लोहभस्म आणि मंडूर यांना लोहाचा नियम लागू होतो. अम्लपित्तासाठी दिलेला कल्प आणि तापासाठी दिलेली गोळी एकाच वेळी घ्यायला सांगणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. असे रुग्ण मुळातच अनेक औषधांच्या ओझ्याखाली असतात. प्रतिजैविकाचे पाच-सात दिवस अशा कल्पांना विराम देणे आम्हांला अधिक श्रेयस्कर वाटते.

क्षयाची औषधे

डायलिसिसच्या रुग्णांत क्षयरोगाचे प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा अधिक आहे. त्यांत रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड नेहमीप्रमाणे रोज चालतात, पण पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल आठवड्यातून तीन वेळा, डायलिसिस झाल्यावर द्यावे लागते. इथॅम्ब्युटॉल साठले तर दृष्टी जाण्याचा धोका असतो. चारही औषधे एकत्र असलेल्या रोजच्या गोळीत असे वेगळे अंतर ठेवता येत नाही, म्हणून या रुग्णांना सुटी औषधे लागतात. रुग्ण ती एकत्र गोळी घेऊन आल्यास त्याला क्षयरोग केंद्राकडे आणि डायलिसिस केंद्राकडे त्वरित परत पाठवावे. लांबलेल्या खोकल्यात लिव्होफ्लॉक्सॅसिन देण्याचा आणखी एक तोटा असा की त्याने क्षय अर्धवट दबतो आणि निदान लांबते. आमच्या त्या रुग्णाच्या बाबतीत हेही घडू शकले असते.

कोणाला हात लावू नये

डायलिसिससाठी मानेत किंवा छातीवर नळी बसवलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला, तर तो नळीतून रक्तात शिरलेला जंतुसंसर्ग आहे असे समजावे. येथे गोळी किंवा इंजेक्शन देऊन घरी पाठवू नये. प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी रक्ताची जंतुतपासणी व्हावी लागते, आणि कदाचित नळीही काढावी लागते. फिस्टुला लाल, गरम किंवा दुखरा झाला, तरी हाच नियम. पोटातून डायलिसिस करणाऱ्या रुग्णाच्या पिशवीतील द्रव गढूळ दिसला, तर तो उदरातील जंतुसंसर्ग समजून तत्काळ केंद्रावर पाठवावे. त्याची प्रतिजैविके बहुधा त्या द्रवातूनच पोटात दिली जातात.

इतरांच्या बाबतीतही दोन गोष्टी पाळाव्यात. फिस्टुला असलेल्या हाताला रक्तदाब घेऊ नये, सुई टोचू नये. डायलिसिसमध्ये रक्त पातळ करणारे हेपॅरिन दिलेले असते, म्हणून त्या दिवशी कमरेत इंजेक्शन देणे टाळावे, आत रक्त साचते.

औषध विक्रेत्यांना विनंती

औषधाच्या दुकानाचे मालक या साखळीतील शेवटचे आणि कित्येकदा एकमेव पहारेकरी असतात. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ परिशिष्टात सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि सेफेपिम ही औषधे आहेत. त्यांची विक्री स्वतंत्र नोंदवहीत रुग्णाच्या, औषध लिहिणाऱ्याच्या आणि औषधाच्या नावासह व संख्येसह लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. ती नोंद करताना एकच प्रश्न विचारावा : ‘घरात हे औषध ज्यांना द्यायचे, त्यांचे डायलिसिस चालू आहे का?’ उत्तर होय असेल आणि चिठ्ठीवर नेहमीचीच मात्रा असेल, तर लिहिणाऱ्या वैद्याला दूरध्वनी करावा. यात वैद्याचा अपमान नाही. त्या सोमवारी एखाद्या विक्रेत्याने आम्हांला असा दूरध्वनी केला असता, तर आम्ही त्याचे जन्मभर ऋणी राहिलो असतो. जुन्या चिठ्ठीवर किंवा शेजाऱ्याला लागू पडले म्हणून तर अशा घरात प्रतिजैविक मुळीच देऊ नये.

वर दिलेल्या मात्रा मार्गदर्शनापुरत्या आहेत. रुग्णाचे वजन, संसर्गाचे स्थान, यकृताची स्थिती आणि गाळणीची जात यांनुसार त्या बदलतात. प्रत्येक केंद्रावर रुग्णाची नोंदवही असते, तिच्यावर दूरध्वनी क्रमांकही असतो. आमच्या दवाखान्यात आता नव्या केसपेपरवर नाव आणि वयाच्या खालीच एक ओळ छापून घेतली आहे : ‘डायलिसिस आहे / नाही. वार. केंद्राचा दूरध्वनी.’ ही ओळ भरल्याशिवाय आम्ही लेखणी औषधाकडे नेत नाही, आणि बाह्या वर केल्याशिवाय नाडी पाहत नाही. ते शेतकरी रुग्ण आजही आमच्याकडे येतात. येताना सदऱ्याची डावी बाही दुमडूनच येतात, आणि आम्ही विचारण्यापूर्वी स्वतःच सांगतात, ‘मंगळवार आणि शुक्रवार.’